कुजलेलं दार: गणपतीत बघा, शिमग्यात हात घाला

चतुर्थीच्या दोन दिवस आधी चाकरमानी कोकणातल्या घरी पोचतो, कुलूप काढतो आणि दार हलत नाही. खांदा लावला की करकरत उघडतं. मग दिसतं की चौकटीच्या बाहीला (बाजूच्या उभ्या लाकडाला) पायाशी रंगाचा फुगा आलाय, आणि अंगठ्याने दाबलं तर लाकूड आत जातंय. उद्या घरात गणपती, पाहुण्यांची ये-जा. बाजारातून लांबी (भोकं बुजवायची पुट्टी) आणि ऑइल पेंटचा डबा येतो, भोक बुजतं, वरून चॉकलेटी रंगाचा हात फिरतो. पुढच्या चतुर्थीला तेच भोक दुप्पट झालेलं असतं.

ज्यांनी कधी पटाशी धरली नाही, पण गावच्या दाराची काळजी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ओल्या लाकडावर लांबी आणि रंग चढवला की ओल आत कोंडली जाते आणि कूज आतल्या आत वाढते. म्हणून हे काम दोन फेऱ्यांत करायचं. गणपतीत पाऊस चालू असतो, तेव्हा फक्त तपासणी आणि तात्पुरता इलाज. खरी कापाकापी शिमग्याला, जेव्हा लाकूड चार-पाच महिने उन्हात वाळलेलं असतं.

लाकूड कुजतं कशाने

बुरशीने. तिला हवा, ऊब आणि लाकूड कोकणात बारा महिने मिळतं. आपल्या हातात असतं ते फक्त पाणी. लाकडातली ओल वजनाच्या 20 टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीला कूज धरता येत नाही. पावसाळ्यात हवा 85-90 टक्के दमट असते, तेव्हा थेंबही न लागलेलं लाकूड नुसत्या हवेतून ओल ओढून 18-20 टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे जून ते सप्टेंबर आपलं दार काठावरच उभं असतं. त्यात वळचणीच्या पागोळ्यांचे शिंतोडे रोज बाहीच्या पायाशी उडत राहिले, की काठ ओलांडला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा या चार महिन्यांतच, त्यामुळे बुरशीला वेळही भरपूर मिळतो.

दुसरं लक्षात ठेवायचं ते लाकडाच्या कापलेल्या टोकाबद्दल. झाडात पाणी वर चढवणाऱ्या नळ्या त्या टोकाला उघड्या असतात. फळीच्या सपाट अंगापेक्षा तिथून पाणी कितीतरी वेगाने आत जातं. बाहीचं खालचं टोक, झडपेची (दाराच्या फिरत्या फळीची) खालची कड, उंबरठ्याची दोन्ही टोकं या सगळ्या अशाच जागा, आणि नेमक्या याच जागा रंगारी सोडून देतो, कारण त्या दिसत नाहीत.

पहिली फेरी: गणपतीत

एक टोच्या घ्या. नसेल तर बारीक स्क्रू ड्रायव्हर चालेल. जमिनीपासून सुरुवात करून दोन-दोन इंचांवर टोचत वर जा. चांगलं लाकूड टोच्याला अडवतं. कुजकं लाकूड त्याला सहज आत घेतं आणि बाहेर काढताना भुसभुशीत तुकडे सांडतात. रंग अखंड आहे म्हणून आत सगळं ठीक आहे असं धरू नका. जाड ऑइल पेंटच्या आत पूर्ण पोकळ झालेली बाही वरून चकचकीत दिसू शकते. जिथे मऊपणा संपतो तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. शिमग्याला ही रेघ कामाला येते: तोवर कूज रेघेच्या वर गेली नसेल, तर ओल थांबवण्याचा उपाय लागू पडला.

पोखरणारं नक्की कोण आहे, हेही आताच पाहून घ्या. कुजलेलं लाकूड एक तर तपकिरी पडून आडवं-उभं तडकतं आणि चौकोनी ढेकळांसारखं मोडतं, नाहीतर पांढुरकं होऊन त्याचे तंतू सुटतात. वास अळंब्यांसारखा. वाळवी असेल तर आत माती भरलेली असते आणि भिंतीवरून मातीच्या नळ्या आलेल्या दिसतात. भुंगा लागला असेल तर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली बारीक पीठ. पुष्कळदा कूज आणि वाळवी जोडीने असतात, कारण भिजून मऊ झालेलं लाकूड वाळवीला आवडतं. वाळवी सापडली तर आधी जमिनीवर आणि भिंतीच्या पायाशी औषध मारून घ्या, पेस्ट कंट्रोलवाल्याकडून. नाहीतर नवं लाकूड बसवणं म्हणजे तिला जेवण वाढणं.

पाणी कुठून येतं, ते पावसातच पकडा

नवशिके बहुतेक इथेच घाई करतात. लाकूड कितीही छान बसवा, पाण्याची वाट तशीच राहिली तर दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा तेच. आणि ही वाट फक्त पाऊस पडताना दिसते. जोराची सर आली की छत्री घेऊन अंगणात उभे राहा आणि दाराकडे बघा.

पागोळ्या कुठे पडतात? कौलांचं छप्पर भिंतीच्या पुढे पुरेसं आलेलं नसेल, तर पागोळीचं पाणी जोत्याच्या दगडावर आपटून दारावर उडतं. पूर्वी पडवीला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायचे ते यासाठीच. आता सिमेंटचं अंगण आलं, झापं गेली, आणि सिमेंटवरून उडणारे शिंतोडे सारवलेल्या मातीवरून उडणाऱ्यांपेक्षा बरेच उंच जातात.

वारा कुठला? कोकणात पावसाची झड नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येते. पूर्वेकडे तोंड असलेलं पुढचं दार त्यामानाने वाचतं. मागचं, न्हाणीकडचं दार आधी जातं. त्याला वरून पाऊस आणि खालून न्हाणीचं पाणी. मागच्या दाराकडे कुणी पाहुणा बघत नाही, म्हणून त्याला रंगही शेवटी मिळतो. तपासणी तिथून सुरू करा.

बाहीचं टोक कशात रुतलंय? जुन्या घरांत बाही उंबरठ्यावर किंवा दगडावर टेकलेली असते. नंतर कुणीतरी फरशी बसवतं, जमीन दोन इंच वर येते आणि बाहीचा पाय सिमेंटमध्ये गाडला जातो. सिमेंट ओल धरून ठेवतं, आणि फरशी रोज पुसली जाते ते वेगळंच. नव्या बांधकामातही हीच रड. जांभ्याच्या भिंतीला बाहेरून गिलावा नसेल तर दगड पाणी पितो आणि चौकटीच्या पाठीला देतो. ती बाजू चौकट काढेपर्यंत दिसतही नाही.

झडपेच्या खालच्या कडेला पत्रा ठोकलाय का? ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली की दार वाचलं, असा पक्का समज आहे. पट्टीच्या वरच्या कडेतून पाणी आत जातं, खिळ्यांच्या भोकांतून आणखी जातं, आणि मागे अडकलेलं लाकूड कधीच वाळत नाही. पट्टी उचकून बघा. आत बहुधा चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी मिळेल.

बिजागऱ्या नसलेली जुनी दारं असतात, वर-खाली खुंट्यांवर फिरणारी. त्यांच्या खालच्या खुंटीचं भोक उंबरठ्यात असतं आणि त्यात पाणी साचतं. फडक्याने टिपून बघा.

सण आहे, तोवर काय करायचं

सुटलेला, फुगलेला रंग खरवडून काढा, म्हणजे लाकडाला वाळायला वाट मिळेल. चमच्याने निघेल एवढाच चोथा काढा, त्याहून जास्त कोरू नका. मग औषध: एक लिटर गरम पाण्यात 45 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि 30 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ब्रशने चार-पाच वेळा पाजा. कॅरम बोर्डवर टाकतो तीच बोरिक पावडर. हे मिश्रण ओलसर लाकडात कोरड्यापेक्षा चांगलं मुरतं, त्यामुळे पावसाळा इथे सोयीचाच. मात्र वरून पाणी पडलं तर ते धुऊन जातं, म्हणून दारापुढे झाप किंवा ताडपत्री लावा, दारापासून हातभर दूर, मधून वारा खेळेल अशी. मुलं आणि कुत्री-मांजरं यांना या पाण्यापासून लांब ठेवा, उरलेलं स्वयंपाकघरात ठेवू नका.

रंग नाही, लांबी नाही. फारच वाईट दिसत असेल तर पुढे रांगोळी आणि वर तोरण. पाहुणे वर बघतात.

जळक्या ऑइलबद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण शेजारून कुणीतरी बाटली घेऊन येईलच. गाडीचं काढून टाकलेलं तेल लाकडाला फासायची जुनी सवय आहे. त्याने बुरशी मरत नाही, हाताला-कपड्याला काळं लागतं, पावसात थोडं थोडं अंगणात उतरतं, आणि नंतर त्या लाकडावर ना रंग धरतो ना गोंद.

दुसरी फेरी: शिमग्यात

मार्चमध्ये परत आलात की आधी टोच्या, मग रेघ, मग निर्णय. बोटभर खोल आणि वीतभर लांब एवढीच कूज असेल तर भरून भागेल. बाहीची एक तृतीयांशाहून अधिक जाडी गेली असेल तर तुकडा बदलायचा. बिजागरीच्या मागचं लाकूड गेलं असेल तर जखम लहान असली तरी तुकडाच बदला. दाराचं सगळं वजन तिथे लटकतं, भरलेला मसाला ते पेलत नाही.

जुन्या जांभ्याच्या घरात एक सावधगिरी. तिथे कित्येकदा चौकटीवर वेगळा लिंटेल नसतो, वरच्या भिंतीचा भार गणेशपट्टीवरून (चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडावरून) थेट बाह्यांवर येतो. अशा घरात टेकू दिल्याशिवाय बाहीला करवत लावायची नाही. दारावर सिमेंटचा तुळईसारखा पट्टा नसेल किंवा काही कळत नसेल, तर सुतार आणि गवंडी दोघांना बोलवा. हे काम व्हिडिओ बघून करायचं नाही.

सामान: पटाशी (अर्धा आणि एक इंची), बारीक दात्यांची करवत, रंधा, गुण्या, पॉलिश पेपर, ड्रिल, पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, दोन भागांचा इपॉक्सी गोंद (अराल्डाइटच्या जातीचा), टाकणखार-बोरिकचं पाणी, वुड प्रायमर, बाहेरचा रंग. साध्या पांढऱ्या फेविकॉलवर बाहेरच्या दारासाठी भिस्त ठेवू नका, तो पाण्याने सुटतो. त्यातच घ्यायचा तर पाण्याला टिकणारा मरीन घ्या. लोखंडी खिळेही नकोत, एका पावसाळ्यात गंजून स्वतःभोवती लाकूड काळं करतात.

दार सकाळी काढा, म्हणजे रात्री घर उघडं राहणार नाही. झडपेखाली पाचर सारून वजन पाचरीवर घ्या, आधी खालची बिजागरी सोडवा, वरची शेवटी, आणि तोवर दुसऱ्या माणसाने झडप धरून ठेवायची. जुना रंग घासताना नाका-तोंडावर मास्क हवा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली; त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. त्यामुळे पॉलिश पेपर ओला करून घासा, कचरा गोळा करा, जाळू नका, आणि बर्नरने रंग फुलवायचं टाळा.

*छोटी जखम भरणे.* कुजकं सगळं काढा. इथे दया दाखवायची नाही: टोच्याला अडवणारं, मूळ रंगाचं लाकूड लागेपर्यंत पटाशी चालू द्या. औषधाचं पाणी पाजा आणि उन्हात तीन-चार दिवस खडखडीत वाळू द्या. ओलसर राहिलं तर इपॉक्सी धरत नाही. वर पांढरे क्षार दिसले तर ब्रशने झाडून टाका. मग इपॉक्सीचे दोन्ही भाग डब्यावर लिहिलंय त्या प्रमाणात कालवून, नुसताच पातळ थर जखमेच्या आतल्या अंगाला चोळा. उरलेल्यात बारीक चाळलेला भुसा घालून घट्टसर मळा आणि भरा, पृष्ठभागापेक्षा किंचित वर. दुसऱ्या दिवशी रंध्याने किंवा पॉलिश पेपरने समपातळीत आणा. उन्हाने इपॉक्सी खराब होतो, त्यामुळे त्यावर रंग हवाच. सिमेंट किंवा पीओपी भरू नका. लाकूड फुगतं-आक्रसतं, सिमेंट तसं करत नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट पडते आणि तिथून पाणी आत जाऊन मागे बसून राहतं.

*बाहीचा पाय बदलणे.* दिसणाऱ्या कुजीच्या दोन-तीन इंच वर काप घ्यायचा, कारण बुरशीचे धागे नजरेला दिसतं त्याच्या पुढे गेलेले असतात. काप सरळ आडवा नको. आंब्याचं कलम बांधताना घेतात तसा लांब तिरका काप घ्या, म्हणजे गोंदाला धरायला जागा भरपूर मिळते. अडीच-तीन इंच जाडीच्या बाहीला सहा ते आठ इंच लांब काप पुरे. उताराची दिशा महत्त्वाची: सांधा बाहेरच्या अंगाला खाली उतरणारा हवा. त्यात पाणी शिरलंच तर ते अंगणाकडे ओघळून जाईल. उलटा झाला तर तो पाणी गोळा करणारा खड्डा होतो.

आधी जुन्या बाहीवर काप घ्या, मग पुठ्ठ्यावर त्याची प्रत काढून नवा तुकडा कापा. तुकडा मूळ लाकडाच्याच जातीचा शोधा. सागाला साग, फणसाला फणस. गाभ्याचंच लाकूड घ्या. साग असला तरी बाहेरचा पांढरा भाग लवकर कुजतो. नव्या तुकड्याला बसवण्याआधीच सगळ्या अंगांनी औषध पाजून वाळवा. खालचं टोक इपॉक्सीत किंवा दोन-तीन हात प्रायमरमध्ये पूर्ण बंद करा. सांध्याच्या दोन्ही अंगांना इपॉक्सी लावून तुकडा बसवा, तिरक्या कापातून आरपार दोन-तीन स्क्रू मारा, डोकी आत बसवून वरून भुसा-इपॉक्सी. पूर्ण घट्ट व्हायला एक दिवस द्या, मगच दार चढवा.

नवा पाय पुन्हा सिमेंटमध्ये गाडू नका. खाली कडाप्प्याचा किंवा जांभ्याचा तुकडा ठेवून बाही त्यावर टेकवा, आणि भोवतालची फरशी दोन सूत (पाव इंच) लांब थांबवा. ती फट बुजवायचा मोह होईल. बुजवू नका, पाय तिथूनच वाळणार आहे.

*झडपेची खालची कड.* फळ्यांच्या दारात फळ्यांची टोकं कुजतात. सगळ्या फळ्या एका रेघेत तीन-चार इंच कापा आणि खाली आडवी नवी पट्टी अर्ध्या जाडीच्या सांध्याने जोडा. बाहेरच्या बाजूला वरचं लाकूड खालच्यावर आलं पाहिजे, कौल कौलावर येतं तसं. उंबरठ्यापासून झडपेची कड निदान दोन सूत वर राहू द्या. फ्लॅटमधल्या ब्लॉकबोर्डच्या फ्लश दाराला यातलं फारसं लागू होत नाही. त्याचे पापुद्रे एकदा सुटले की दार बदलणंच स्वस्त पडतं.

*उंबरठा.* वरून खोल झिजलाय पण टोच्याला अडवतोय, तर हात लावू नका. टोकं कुजली असतील तर सुताराचं काम आहे. उंबरठा काढताना दोन्ही बाह्या मोकळ्या होतात.

रंग सहाही बाजूंनी

झडपेला पुढची-मागची, दोन उभ्या कडा, वरची आणि खालची अशा सहा बाजू असतात. दार काढलेलंच आहे तर ते दोन स्टुलांवर आडवं ठेवा आणि सुरुवात खालच्या कडेपासून करा: एक हात प्रायमर, तीन हात रंग. बाकी अंगाला एक हात प्रायमर आणि दोन हात रंग पुरतात. बिजागरीच्या आणि कोयंड्याच्या खाचा, स्क्रूची भोकं यांतही प्रायमर सोडा.

सागाचं सुंदर दार रंगाखाली झाकायचं जिवावर येतं, हे कबूल. बेलतेल (जवसाचं तेल) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चोळलं की लाकूड खुलतं, पण कोकणातल्या दमट हवेत नुसत्या तेलावर काळी बुरशी धरते आणि दर उन्हाळ्यात पुन्हा तेल द्यावं लागतं. पडवीच्या आतल्या दाराला तेल ठीक. झड लागणाऱ्या मागच्या दाराला रंगच द्या. बेलतेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून कडक वाळवा, मग टाका. काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना लावतात तसं दारालाही लावणारे आहेत. लाकूड टिकतं, पण कातडीला लागलं तर फोड येतात, म्हणून नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पुढचा पावसाळा यायच्या आत

मे महिन्यात तीन कामं. छप्पर तोकडं असेल तर दारावर दीड-दोन फूट पुढे येणारा पत्र्याचा किंवा कौलांचा छज्जा करून घ्या. एवढ्या एका कामाने वरच्या सगळ्या दुरुस्तीपेक्षा जास्त फरक पडतो. झडपेच्या बाहेरून खाली एक उतरती लाकडी पट्टी लावा, तिच्या पोटात कडेला समांतर बारीक खाच मारा, म्हणजे थेंब मागे वळून दाराकडे न येता तिथेच गळून पडतो. आणि पागोळ्या पडतात त्या रेषेत सिमेंटऐवजी हातभर रुंद खडी पसरा, शिंतोडे उडायचे थांबतील.

बंद घराला हवा लागते. सगळी तावदानं गच्च लावून, आतून गोण्या कोंबून घर चार महिने ठेवलं की दार आतल्या बाजूनेही ओल पितं. जाळीचे झरोके उघडे ठेवा, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना उघाड पडेल त्या दिवशी तासभर पुढचं-मागचं दार उघडायला सांगा.

चौकटच बदलायची वेळ आली, तर पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळतं. पुरेपूर वाळलेलं आणि बहुधा गाभ्याचं असतं. घेण्याआधी खालचा हातभर भाग टोच्याने तपासा. त्या घरातही ते तिथूनच कुजलेलं असतं. विकणारा तेवढा भाग कापून देणार असेल तर आपल्या दाराची उंची आधी मोजून जा.